बायपासनंतर गोड खाल्लं की त्रास का होतो, आणि साखर कितपत चालते?

प्रश्न: वय ३८, नाशिक. चौदा महिन्यांपूर्वी गॅस्ट्रिक बायपास (वजन कमी करण्यासाठी जठरावर करतात ती शस्त्रक्रिया) झालं, ३६ किलो वजन उतरलं. भाच्याच्या मुंजीत अर्धी वाटी श्रीखंड खाल्लं आणि वीस मिनिटांत छातीत धडधड, घाम, पोटात कळा. शेवटी आडवं व्हावं लागलं. नंतर दोन-तीनदा वेगळंच झालं. चहा-बिस्किटं घेतल्यावर दोनेक तासांनी हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. सासूबाई चमचाभर साखर देतात, मग बरं वाटतं. साखर मला कायमची बंद का? गूळ चालेल का? धाकट्या बहिणीचं स्लीव्ह (वजनासाठीचीच दुसरी शस्त्रक्रिया) झालंय, ती सगळं गोड खाते, तिला काहीच कसं होत नाही?

उत्तर:

ताई, मुंजीतला त्रास आणि चहा-बिस्किटांनंतरचा त्रास हे दोन वेगळे आहेत. दोन्हींत घाम येतो, दोन्हींत धडधडतं, म्हणून घरच्यांना ते एकच वाटतात आणि दोन्हींवर उपायही एकच होतो: चमचाभर साखर. पहिल्यात ती साखर त्रास वाढवते. दुसऱ्यात ती तेवढ्यापुरती सावरते, पण तिच्या मागोमाग योग्य खाणं गेलं नाही तर पुढचा झटका तिच्यामुळेच येतो. गोड किती चालेल हे मी सांगणारच आहे, पण आधी हे दोन त्रास वेगळे ओळखायला शिका. बायपास झालेल्या माणसाच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक हवी, सासूबाईंना तर हवीच.

आधी मुंजीतलं श्रीखंड. जठराच्या खालच्या टोकाला एक झडप असते. खाल्लेलं ती थोडं थोडं करून आतड्यात सोडते. तुमच्या शस्त्रक्रियेत जठराचा वरचा साधारण ३० मिलीलिटरचा, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढाच भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडलेला आहे. त्या वाटेवर झडप नाही. श्रीखंड मऊ असतं, चावावं लागत नाही, आणि घरी ते चक्क्याच्या जवळपास बरोबरीने साखर घालून करतात. अर्ध्या वाटीत ३० ग्रॅमच्या आसपास साखर सहज जाते. एवढी दाट साखर एकदम आतड्यात उतरली की ती आजूबाजूचं पाणी ओढून घेते. लिंबाच्या फोडींना मीठ-साखर लावून ठेवल्यावर जसं पाणी सुटतं तसंच. हे पाणी येतं रक्तातून. मग आतडं फुगतं, कळा येतात, कधी जुलाब होतात. रक्तातलं पाणी तात्पुरतं कमी झालं की हृदय जोरात धावायला लागतं, चेहरा तापतो, गळून गेल्यासारखं होतं. आतड्यातून सुटणारी काही संप्रेरकंही यात भर घालतात. याला आम्ही डम्पिंग म्हणतो. खाल्ल्यापासून दहा मिनिटं ते तासाभरात हे सुरू होतं. वजनाच्या शस्त्रक्रिया यायच्या कितीतरी आधी, अल्सरसाठी जठरावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांनी हा त्रास टिपून ठेवला होता.

डम्पिंगमध्ये रक्तातली साखर कमी झालेली नसते, उलट बहुतेकदा वाढलेली असते. त्यामुळे त्या वेळी साखर किंवा सरबत देणं म्हणजे आगीत तेल. करायचं एवढंच: अर्धा तास आडवं व्हायचं. आडवं झाल्याने पोटातलं खाली उतरण्याचा वेग थोडा मंदावतो आणि रक्तदाबही सावरतो. धडधड थांबली की पाण्याचा किंवा मीठ घातलेल्या पातळ ताकाचा घोट-घोट. त्रास भयंकर वाटला तरी तो आपला आपण ओसरतो. मात्र छातीत दुखणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असं काही असेल तर डम्पिंग समजून घरी थांबू नका.

आता दुसरा त्रास. तुमच्या पत्रातला मला जास्त काळजीचा वाटला तो हाच. चहातली साखर आणि मैद्याचं बिस्कीट दोन्ही झपाट्याने आतड्यात पोचतात आणि रक्तातली साखर अर्ध्या-पाऊण तासात वर चढते. बायपासनंतर अशा वेळी आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक नेहमीच्या कितीतरी पट सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, आणि इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं. तोवर खाल्लेलं सगळं शोषून झालेलं असतं. मग एक ते तीन तासांनी साखर धाडकन खाली येते. थरथर, घाम, अंधारी, अचानक कडकडून भूक, कधी बोलण्यात गोंधळ. लोक म्हणतात ‘शुगर लो झाली’, आणि ते बरोबरच आहे. हा त्रास शस्त्रक्रियेनंतर लगेच क्वचितच दिसतो. वर्षभर उलटल्यावर डोकं वर काढतो. तुमचा चौदावा महिना आहे, म्हणजे वेळही जुळते. २००५ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी बायपासनंतर असे तीव्र झटके येणाऱ्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यानंतर या त्रासाकडे जगभर नीट लक्ष गेलं.

सासूबाईंचा चमचा इथे खरंच उपयोगी पडतो, कारण साखर खरोखर उतरलेली असते. पण पुढे काय होतं पाहा. दोन चमचे साखर खाल्ली, बरं वाटलं, वर कुणीतरी सरबत दिलं, पोटात आग पडली म्हणून दोन बिस्किटं खाल्ली. ही सगळी पुन्हा झपाट्याने चढणारीच साखर. दोन तासांनी तेच परत. दिवसभरात असे तीन झटके आलेली माणसं माझ्यासमोर बसतात तेव्हा त्यांची ठाम समजूत असते की आपल्याला साखर कमी पडते आहे. मग जवळ चॉकलेट, खिशात लिमलेटच्या गोळ्या, आणि दर दोन तासांनी काहीतरी गोड. वजनही परत चढायला लागतं आणि झटकेही थांबत नाहीत.

म्हणून घरात ग्लुकोमीटर आणा. थरथर सुरू झाली की आधी बोटाला टोचून आकडा बघा आणि लिहून ठेवा. आकडा ७० च्या खाली असेल तर साखर उतरली आहे. ५४ च्या खाली असेल तर गंभीर. अशा वेळी सपाट तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर थोड्या पाण्यात, म्हणजे १० ते १५ ग्रॅम, त्याहून जास्त नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडा वर आला की लगेच प्रथिनांचं काहीतरी खा: उकडलेलं अंडं, पनीरचे तुकडे, मूठभर भाजलेले शेंगदाणे, मुगाचं धिरडं. हा दुसरा भाग लोक सोडून देतात, आणि पुढचा झटका टाळायचा तर तोच लागतो. मीटर हाताशी नसेल आणि लक्षणं स्पष्ट असतील तर आकड्यासाठी खोळंबून राहू नका. माणूस नीट गिळू शकत नसेल किंवा बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. स्कूटी चालवताना थरथर जाणवली तर आधी गाडी बाजूला घ्या, घर जवळ आलंय म्हणून तशाच पुढे जाऊ नका.

एक गोष्ट विचारायची राहिली. तुम्हाला शस्त्रक्रियेआधी मधुमेह होता का, आणि त्याची जुनी गोळी अजून चालू आहे का? ग्लिमेपिराइडसारखी गोळी वजन उतरल्यावरही कुणी बंद केली नाही म्हणून चालूच राहते, आणि झटक्यांचं खापर बायपासवर फुटतं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. मनाने बंद करू नका, पण आजच विचारा.

आता रोजचं खाणं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मुंजीतल्या श्रीखंडापेक्षा तुमचं नुकसान रोजच्या चहाने जास्त होतंय असं मला वाटतं. घरातला चहाचा चमचा घ्या, नेहमी टाकता तशी साखर टाका आणि स्वयंपाकाच्या काट्यावर तोला. सपाट चमचा चारेक ग्रॅमचा भरतो, पण आपण जो शीग लावून भरतो तो सहा-सात ग्रॅमचाही निघतो. दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे सपाट धरले तरी ३२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साध्या निरोगी माणसासाठी सांगितलं की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, आणि पाच टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगलं; म्हणजे साधारण २५ ग्रॅम. इतकी जागा तुमच्या पोटात नाही आणि इतके उष्मांक तुमच्या दिवसात नाहीत. तुमच्या जेमतेम वाटीभर खाण्यातून दिवसाची ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं बसवायची आहेत, आणि साखरेचा प्रत्येक चमचा त्या जागेवर अतिक्रमण करतो.

चहा सोडा असं मी म्हणणार नाही. साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच जणांना गोड आधीपेक्षा जास्त गोड लागतं, त्याचा फायदा घ्या. महिन्याभरात बिनसाखरेचा चहा पिणं जमतं, आणि नंतर साखरेचा चहा नकोसा होतो. तेवढ्या काळात स्टीव्हिया किंवा सुक्रालोज थोड्या प्रमाणात चालेल. चहात बुडवून खायची बिस्किटं आणि खारी मात्र बंदच. ती तोंडात विरघळतात, पोट भरल्याची जाणीव होऊच देत नाहीत, आणि मऊ लगदा होऊन थेट आतड्यात जातात.

आणि गोड न लागणारी साखरही असते. साबुदाण्याची खिचडी, पातळ पेज, गुरगुट्या भात, मुरमुरे, पांढरा पाव: यांची साखर रक्तात जवळजवळ तशीच झपाट्याने चढते. त्यामुळे संकष्टीला, एकादशीला आणि नवरात्रात ‘मी तर गोड काहीच खाल्लं नाही, तरी शुगर लो झाली’ अशी तक्रार घेऊन लोक येतात. सकाळी साबुदाणा, दुपारी रताळं आणि केळ्याचं शिकरण, मध्ये चार तास उपाशी. मग दुसरं काय होणार? उपवास करायचाच असेल तर वऱ्याचे तांदूळ थोडे, सोबत शेंगदाण्याची आमटी, दही, पनीर असं काहीतरी. देवाला चालत असेल तर उपवास न केलेला मला जास्त आवडेल.

तुम्हाला साखर उतरण्याचे झटके येत आहेत, तर एका जेवणात कर्बोदकं साधारण ३० ग्रॅमच्या आसपास आणि मधल्या खाण्यात १५ च्या आसपास ठेवा. मध्यम फुलका म्हणजे साधारण १५ ग्रॅम. छोटी वाटीभर भात म्हणजे जवळजवळ ३०. जेवताना आधी उसळ, अंडं, मासा, चिकन किंवा पनीर, मग भाजी, आणि शेवटी भाकरी. पाणी जेवणासोबत नको. जेवण झाल्यावर अर्धा तास थांबा. घास बारीक चावा, जेवायला वीस मिनिटं तरी लागू द्या. एवढ्यानेच बहुतेकांचे झटके थांबतात किंवा खूप कमी होतात. थांबले नाहीत तर अकार्बोज नावाची गोळी आहे. ती पिष्टमय पदार्थ पचण्याचा आणि साखर शोषली जाण्याचा वेग कमी करते. पोटात वायू होतो, पण काम करते. ती डॉक्टरच ठरवतील.

गुळाचं विचारलंत. गुळाने, मधाने, खजुराने, खडीसाखरेने तुमच्या आतड्याला काहीही फरक पडत नाही. गूळ म्हणजे मुख्यतः साखरच, आणि उष्मांकही साखरेच्या जवळपास तेवढेच. पण आपल्याकडे बायका गूळ-शेंगदाणे खातात ते रक्त वाढावं म्हणून, आणि बायपासनंतर रक्त कमी होतंच, त्यामुळे ही समजूत मला वेगळी खोडायची आहे. लोह शोषलं जातं ते प्रामुख्याने लहान आतड्याच्या पहिल्या भागात. तुमचं अन्न आता त्या भागातून जातच नाही. गुळातल्या लोहाने ही उणीव भरून निघणं शक्य नाही. लोहाची गोळी घ्या, क जीवनसत्त्वासोबत घ्या, कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब घ्या, चहासोबत घेऊ नका. शेंगदाणे खा, गूळ सोडा.

‘शुगर फ्री’ मिठाईचंही तसंच. त्यात बहुधा माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल असतं. बायपास झालेल्या पोटात त्याने मुरडा आणि जुलाब होतात. शिवाय खवा, तूप आणि काजू त्यात असतातच. प्रथिनांच्या पावडरीचा डबा घेताना मागचा बारीक मजकूर वाचा. माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, ग्लुकोज सिरप ही झपाट्याने चढणाऱ्या साखरेचीच नावं पहिल्या तीन-चार घटकांत दिसली तर तो डबा ठेवून द्या.

आता तुमच्या बहिणीबद्दल, आणि हे तिलाही वाचायला द्या. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात, पण खालची झडप जागेवर राहते. म्हणून तिला तुमच्यासारखं डम्पिंग होण्याची शक्यता कमी. काही स्लीव्हवाल्यांनाही होतं, पण बहुतेकांचं गोड निमूट पचतं. तुम्हाला याचा हेवा वाटणं मी समजू शकते, पण तिचा धोका वेगळ्या जागी आहे. तुम्हाला शरीर लगेच सांगतं की हे जास्त झालं. तिला ते काट्यावर दोन वर्षांनी कळेल. भाकरी-उसळ तिला चार घासांत भरते, पण आइस्क्रीम, बासुंदी, आमरस, चॉकलेट हे त्या अरुंद जठरातून घसरत खाली जातं आणि तासाभराने पुन्हा तेवढंच मावतं. शस्त्रक्रियेनंतर वजन परत वाढलेल्या माणसांची खाण्याची वही उघडली की मला बहुतेक वेळा हेच मऊ, पातळ, गोड खाणं सापडतं, ताटभर जेवण नाही. थंड पेयाच्या ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर साखर असते, आणि ती पोटात टिकत नसल्याने भूक भागवत नाही.

तुम्हीही डम्पिंगच्या धाकावर विसंबू नका. बऱ्याच जणांचं डम्पिंग वर्ष-दीड वर्षात सौम्य होत जातं. ‘आता मला पचायला लागलं’ असं म्हणत लोक जिथे मोकळे सुटतात, तिथूनच वजन उलटं फिरतं.

मग सणवार? साखर कायमची बंद असं मी कुणालाही सांगत नाही, कारण आपल्या घरांत ते निभत नाही, आणि बंदी घातली की माणूस चोरून खातो. चोरून खाल्लेलं नेहमी घाईत, उभ्याने आणि जास्त असतं. तुम्हाला मी असं सांगेन: सध्या झटके येत आहेत तोवर दोन महिने गोड पूर्ण बाजूला ठेवा, आकडे स्थिर होऊ द्या. त्यानंतर सणाच्या दिवशी, भरपेट प्रथिनांच्या जेवणाच्या शेवटी, दोन-तीन छोटे घास. उपाशीपोटी कधीच नाही. पातळ आणि पाकातलं टाळा: जिलबी, गुलाबजाम, बासुंदी, आमरस, उसाचा रस. त्यापेक्षा अर्धा उकडीचा मोदक किंवा पुरणपोळीचा तळहाताएवढा तुकडा बरा, कारण तो चावावा लागतो आणि पुरणात डाळ असते. प्रसादाच्या शिऱ्याला नाही म्हणवत नाही. चिमूटभर तोंडात घाला, बाकीचा शेजारच्याला द्या. संक्रांतीला तिळगुळाची वडी अर्धी. पंगतीत आग्रह होणारच, तेव्हा ‘डॉक्टरांनी मनाई केली आहे’ एवढंच सांगा. ‘थोडंच घाला’ म्हणालात की वाढपी थोडं घालत नाही.

वाचणाऱ्या इतरांसाठी दोन सूचना, दोन्ही महत्त्वाच्या. बायपास झालेली बाई गरोदर असेल तर साखरेचं पाणी पाजून करायची ती नेहमीची चाचणी तिला सोसत नाही. डम्पिंग होतं किंवा नंतर साखर उतरते, आणि निकालावरही भरवसा ठेवता येत नाही. त्याऐवजी आठवडाभर घरी उपाशीपोटी आणि जेवणानंतर बोटाला टोचून आकडे घेतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना बायपास झाल्याचं स्वतःहून सांगा. दुसरी सूचना: शस्त्रक्रियेनंतर काही दिवस सतत उलट्या होत असतील आणि कुठल्या दवाखान्यात सलाइन लावायची वेळ आली, तर बायपास किंवा स्लीव्ह झाल्याचं आधी सांगा आणि ग्लुकोजच्या सलाइनआधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायला सांगा. बी-१ संपलेल्या शरीरात आधी ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

तुम्ही येत्या आठवड्यात एवढं करा. साध्या वहीत सात दिवस लिहा: काय खाल्लं, किती वाजता, किती, खाल्ल्यावर एक तासाचा आणि दोन तासांचा आकडा, त्रास झाला तर किती मिनिटांनी, कसा, आणि तेव्हाचा आकडा. चहातली साखरही लिहा. ती वही आणि गोळ्यांची पिशवी घेऊन तुमच्या सर्जनकडे जा. आकडा एकदाही ५४ च्या खाली गेला असेल, शुद्ध हरपली असेल, किंवा रात्री झोपेत अथवा सकाळी उपाशीपोटी झटका येत असेल, तर सात दिवस थांबू नका. उपाशीपोटी साखर उतरणं हे बायपासच्या नेहमीच्या त्रासात बसत नाही. त्याची कारणं वेगळी असतात आणि ती अंतःस्रावतज्ज्ञांनी शोधायची असतात.